लिफ्ट वर निघाल्यावर उतारावरचा ठोकळा घसरेल का?

पलासियाकर:
नमस्कार. माझी मुलगी इथे इंदुरातच अकरावीला आहे आणि भंवरकुव्याच्या तिच्या शिकवणीत आलेल्या एका गणितावरून आमच्या घरात वाद पेटला आहे. लिफ्टच्या तळाशी ३० अंशांचा उतार पक्का बसवलेला असून त्यावर २ किलोग्रॅमचा ठोकळा स्थिर आहे. स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.७ आणि गतिक घर्षणाचा ०.५ आहे. लिफ्ट १.२ मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने वर निघाली, तर ठोकळा घसरेल का? मुलीचे म्हणणे असे की, अशा वेळी आपल्यालाही जड वाटते, म्हणजे ठोकळ्याला खाली ओढणारे बलही वाढणार, तेव्हा तो घसरलाच पाहिजे. उत्तरात मात्र ‘घसरणार नाही, घर्षणबल ११ न्यूटन’ एवढेच छापले आहे, आणि गुणांकाने लंब प्रतिक्रियेला (उतार ठोकळ्याला काटकोनात देतो त्या रेट्याला) गुणले तर ११ येत नाहीत. कृपया उलगडा करावा.

रामबागवाले:
गुणाकाराने मिळते ती स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा, प्रत्यक्ष घर्षण नव्हे. वाण्याने हजार रुपयांपर्यंत उधारी मंजूर केली म्हणून दर महिन्याला हजारांचीच उधारी होत नाही, तसेच हे आहे. लिफ्ट उभी असताना ठोकळा उताराच्या दिशेने ९.८ न्यूटनने ओढला जातो, म्हणून घर्षणही ९.८ न्यूटनच असते, जरी मर्यादा सुमारे ११.९ असली तरी.

आता लिफ्ट वर त्वरण घेते तेव्हा ठोकळ्यालाही तेच त्वरण मिळाले पाहिजे. त्या त्वरणाचे उताराला समांतर आणि उताराला लंब असे दोन घटक करून न्यूटनचा दुसरा नियम लावला, की दोन्ही समीकरणांत ९.८ च्या जागी ९.८ अधिक १.२, म्हणजे ११ येतात. त्यामुळे लागणारे घर्षण ११ न्यूटन होते, आणि लंब प्रतिक्रियाही त्याच प्रमाणात वाढल्याने मर्यादा सुमारे १३.३ वर जाते. ओढ वाढते हे मुलीचे म्हणणे अगदी बरोबर आहे, फक्त तिने उतारावरची पकडही वाढते हे धरलेले नाही. दोहोंचे गुणोत्तर तेच राहते, म्हणून घसरण्याचा निर्णय कोनाच्या टॅन्जंटवर होतो: ३० अंशांचा ०.५७७, जो ०.७ पेक्षा कमी आहे.

निवृत्त प्राध्यापक, विजयनगर:
घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते हा नियम अमोंताँ यांनी १६९९ मध्ये मांडला, आणि वरचे सगळे उत्तर त्यावरच उभे आहे. मात्र विद्यार्थी गतीची दिशा आणि त्वरणाची दिशा यांत हमखास गल्लत करतात, म्हणून एक पुस्ती जोडतो. लिफ्ट एकसारख्या वेगाने वर जात असेल तर काहीच बदलत नाही. वरच्या मजल्याजवळ ती मंदावू लागते तेव्हा, ती वर जात असूनही, त्वरण खालच्या दिशेने असते आणि घर्षण कमी होते, तेवढ्याच १.२ त्वरणाला ८.६ न्यूटन. ६० किलोग्रॅमचा माणूस वजनकाट्यावर उभा राहून लिफ्ट १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघाली, तर काटा सुमारे ६६ दाखवतो, तो याच हिशेबाने.

पाटावर रुपयाचे नाणे ठेवून, ते घसरण्याच्या बेतात येईल इतकाच पाट कलता करून, हा प्रयोग इमारतीच्या लिफ्टमध्ये करता येईल, पण सुरू होतानाच्या हिसक्याने आणि थरथरीने नाणे आधीच निसटू शकते. तो दोष सूत्राचा नाही.

पलासियाकर:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मुलीचा पुढचा प्रश्न आहे: उतार ४० अंशांचा असता, तर?

रामबागवाले:
मग टॅन्जंट ०.८४ होतो, म्हणजे लिफ्ट उभी असतानाही ठोकळा घसरतो, आणि इथे तिचा अंदाज खरा ठरतो. एकदा घसरू लागल्यावर गतिक घर्षण वजा जाते, आणि उताराच्या सापेक्ष त्वरण उभ्या लिफ्टमध्ये सुमारे २.५५, तर १.२ त्वरणाने वर निघालेल्या लिफ्टमध्ये सुमारे २.८६ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. दोर तुटून लिफ्ट मुक्तपणे पडू लागली तर लंब प्रतिक्रिया आणि घर्षण दोन्ही शून्य होतात, आणि ३० अंशांच्या उतारावरचा ठोकळा जिथे स्थिर होता तिथेच राहतो.