शिल्पकार तारकासमूह कुणाला दिसलाय का?

रात्रकिडा: नोव्हेंबरात दक्षिणेला फोमलहॉट ताऱ्याच्या डावीकडे शिल्पकार आहे म्हणे, मला तर नुसता काळोख दिसतोय, ॲप गंडलंय का?

गच्चीवाला: ॲप बरोबरे. त्यातला सगळ्यात ठळक ताराच ४.३ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका), शहरातून काय डोंबल दिसणार! आकाशगंगेचा दक्षिण ध्रुव, म्हणजे तिच्या पट्ट्यापासून सगळ्यात लांबची दिशा, तिथेच येतो, त्यामुळे तारे मुळातच कमी. लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७५१-५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपला बसून असले फिके समूह पाडले, रिकामी जागा बघवत नसावी त्याला.

दुर्बीणकाकू: अरे पण बायनॉक्युलर असेल तर सोडू नकोस, तिमिंगल समूहातल्या बीटा सेटी ताऱ्याच्या साधारण साडेसात अंश खाली एनजीसी २५३ दीर्घिका आहे, कॅरोलिन हर्शेलने १७८३ मध्ये शोधलेली, अंधारात लांबट पुसट डाग दिसतो.

रात्रकिडा: भारी! अमावस्या कधीये काकू?