आजीच्या डब्यातली फ्रेंच गिन्नी मोडू का?

शाहूपुरीकर:
आजीच्या पुतळ्यांच्या डब्यात एक सोन्याचं नाणं मिळालं. घरात सगळे त्याला गिन्नीच म्हणायचे, पण त्यावर राणी नाही. टोकदार दाढी आणि पिळदार मिशांचा बाप्या आहे, डोकं उघडं. मागं पानांच्या माळेत २० फ्रँक्स, १८५९, आणि बारीक अक्षरांत 'बीबी'. वर कडी झाळलेली, कडीसकट ६.८ ग्रॅम. गुजरीत सराफांना दाखवलं तर म्हणाले, "बावीस कॅरेट भरत नाही, मोडून टाका." एवढं जुनं म्हणजे दुर्मिळ असणार ना?

भिंगवाले काका:
तो फ्रान्सचा बादशहा नेपोलियन तिसरा. सराफ खोटं बोलले नाहीत, या नाण्यात हजार भागांत ९०० भाग सोनं, म्हणजे २१.६ कॅरेट. आपली राणीछाप गिन्नी ९१६. नुसतं नाणं ६.४५ ग्रॅम, पैकी शुद्ध सोनं ५.८. उरलेलं वजन कडीचं.

'बीबी' म्हणजे स्ट्रासबुर्गची टांकसाळ. पॅरिसचं अक्षर 'ए'. १८७०-७१ च्या लढाईत ते शहर जर्मनांकडे गेलं आणि फ्रेंच नाण्यांवरचा 'बीबी' संपला. ऐकायला भारी वाटतं, पण जुनं ते सगळं दुर्मिळ नसतंय भावा. कॅलिफोर्निया-ऑस्ट्रेलियाचं सोनं तेव्हा युरोपात धो धो आलं आणि फ्रान्सनं ही वीस फ्रँकची नाणी ढिगानं पाडली. त्याच राजाचं ३२ ग्रॅमचं शंभर फ्रँकचं नाणं असतं तर मीच रात्री तुमच्या दारात आलो असतो! मला विचाराल तर १८१५ चं 'आर' अक्षराचं बघावं: अठराव्या लुईचं फ्रेंच नाणं, पण पाडलं लंडनला, इंग्रज फौजेचा पगार भागवायला.

कडीमुळं संग्राहकाची किंमत गेली. आता काढलीत तरी झाळल्याची खूण राहणारच. रिठ्यानं घासू नका, कसोटीवर तर अजिबात नको.

पंचगंगा_काठ:
काका, खरं-खोटं कसं ओळखायचं? मला एक बिनकडीचं मिळतंय.

भिंगवाले काका:
आधी कड बघा. नेपोलियन तिसऱ्याच्या वीस फ्रँकवर कडेला उठावाची अक्षरं असतात, 'देव फ्रान्सचं रक्षण करो' अशा अर्थाची. ओतीव नकलेत ती मेणासारखी बसकी दिसतात. मग पाण्याचा पेला बारीक काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्यानं पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, बुडबुडा चिकटू देऊ नका. काटा ०.३७-०.३८ ग्रॅम दाखवायला हवा. तेवढ्याच वजनाचं पण पितळेवर मुलामा दिलेलं असेल तर दुप्पट दाखवेल. आणि पक्कं बिल घ्या, तोंडी हमीवर नको.

शाहूपुरीकर:
मोडत नाही मग. पण चुलतभाऊ म्हणतोय, दुबईला नेऊन विकतो.

भिंगवाले काका:
खुळा आहे काय तो? शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर अडकेल. आईच्या गळ्यात घाला की, पुतळ्यांच्या माळेत शोभेल.