शेरलॉक होम्सला दरीत ढकलायचा सल्ला देणारा पाद्री: हा सायलस हॉकिंग नेमका कोण?

जुनी_पानं

मंडळी, परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून होम्सबद्दल काहीबाही वाचत बसलो होतो, त्यात एक किस्सा सापडला. १८९३ चा उन्हाळा, स्वित्झर्लंड, झरमॅटजवळचा बर्फाळ भाग. आर्थर कॉनन डॉयल तिकडे सुट्टीवर होता आणि त्याच्यासोबत फिरायला सायलस हॉकिंग नावाचे एक मेथडिस्ट (ख्रिश्चनांमधला एक प्रोटेस्टंट पंथ) पाद्री. बोलता बोलता डॉयलने सांगून टाकलं की मी ह्या होम्सला जाम वैतागलोय, त्याला संपवायचं ठरवलंय, फक्त कसं संपवायचं ते सुचत नाहीये. तर हे रेव्हरंड साहेब काय म्हणाले असतील? म्हणे मारायचाच आहे ना, मग इकडे स्वित्झर्लंडला आण आणि दे ढकलून हिमनदीच्या एखाद्या भेगेत, अंत्यविधीचा खर्चपण वाचेल! आणि त्याच डिसेंबरात होम्स रायशेनबाखच्या धबधब्यात गेला की हो.

आधी 'मेथडिस्ट मिनिस्टर' वाचून मला कुठला तरी मंत्रीच वाटला होता, ते सोडा. पुढे कळलं की हा बाबा स्वतःच कादंबरीकार, आणि साधासुधा नाही, 'हर बेनी' नावाच्या त्याच्या एका पुस्तकाच्या दहा लाखांच्या वर प्रती खपल्या असं सांगतात. दहा लाख! आणि आपण नावपण ऐकलेलं नाही.

तर प्रश्न दोन. चर्चमध्ये प्रवचन देणारा माणूस कादंबऱ्या लिहितो हे तेव्हाच्या लोकांना चाललं कसं? आणि एवढा खपलेला लेखक इतका साफ पुसला कसा गेला? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तळघर

वा, धागा आवडला. चरित्र थोडक्यात सांगतो, बाकी इतर लोक भर घालतीलच.

सायलस किटो हॉकिंग, जन्म १८५०, कॉर्नवॉलमधलं सेंट स्टीफन-इन-ब्रॅनेल. म्हणजे इंग्लंडचं नैऋत्येकडचं टोक, कथिलाच्या आणि चिनी मातीच्या खाणींचा मुलुख. हा पोरगा खाणीचा सर्व्हेअर होणार असं ठरलेलं, पण झाला १८७० मध्ये युनायटेड मेथडिस्ट फ्री चर्चेसचा मिनिस्टर, वय वीस! मग बदल्या. वेल्समधलं पाँटीपूल, स्पॉल्डिंग, लिव्हरपूल, मँचेस्टर आणि शेवटी साउथपोर्ट, समुद्रकाठचं टुमदार गाव. १८९६ मध्ये पाळकपद सोडलं आणि पूर्णवेळ लिखाण आणि राजकारण. लिबरल पक्षाकडून १९०६ आणि जानेवारी १९१० अशा दोन निवडणुका लढवल्या, दोन्हीत आपटला. १९०६ ला लिबरलांची लाट होती हो, त्या लाटेतही हा पडला. दुसऱ्या वेळी कॉव्हेंट्रीतून उभा होता, आणि गंमत म्हणजे तिथला मावळता खासदारपण कादंबरीकारच, ए. ई. डब्ल्यू. मेसन. कॉव्हेंट्रीवाल्यांना एक कादंबरीकार पुरे झाला असावा.

१९३५ मध्ये गेला. होम्सचा तो किस्सा त्याच्याच आठवणींच्या पुस्तकातला आहे, १९२३ चं, म्हणजे घटनेनंतर तीस वर्षांनी लिहिलेलं, तेव्हा चिमूटभर मीठ घालूनच घ्या. डॉयलने मारायचं आधीच ठरवलं होतं हे तर ह्यानेच लिहिलंय. त्यामुळे खुनाचा कट डॉयलचा, हा फक्त साथीदार :)

'हर बेनी' १८७९ चं, लिव्हरपूलच्या रस्त्यावरच्या पोरांची गोष्ट. प्रकाशक फ्रेडरिक वॉर्न, ज्यांनी पुढे १९०२ मध्ये बिअ‍ॅट्रिक्स पॉटरचं पीटर सशाचं मुलांचं पुस्तक छापलं तेच.

उंबराचं_फूल

पहिल्या प्रश्नाला धरून लिहिते, जरा लांबेल.

मेथडिस्ट म्हणजे अठराव्या शतकात जॉन वेस्लीने उभी केलेली चळवळ. वेस्ली घोड्यावरून देशभर हिंडून उघड्यावर प्रवचनं द्यायचा, खाणकामगारांपुढे, कोळशाने काळ्या झालेल्या लोकांपुढे. कॉर्नवॉलमध्ये ग्वेनॅप पिट नावाचा एक मोठा खड्डा आहे, जुन्या खाणकामामुळे जमीन खचून झालेला असं मानतात, तिथे वेस्ली १७६२ ते १७८९ मध्ये अठरा वेळा बोललाय. हॉकिंगचं घराणं त्याच मातीतलं. त्यामुळे 'चर्चचा माणूस' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे लांब झग्यातलं गंभीर चित्र येतं ते इथे लागू नाही. मेथडिस्ट प्रचारकाचं कामच मुळी साध्या माणसाला साध्या भाषेत खिळवून ठेवायचं, नाहीतर लोक उठून घरी जातात.

बरं कादंबरीबद्दल नाराजी होती का, तर होती, चांगलीच होती. गोष्टी म्हणजे खोटं, खोटं म्हणजे पाप असं मानणारे खूप होते. पण गंमत बघा, खुद्द वेस्लीने १७८१ मध्ये हेन्री ब्रूक नावाच्या लेखकाची एक जाडजूड कादंबरी काटछाट करून आपल्या लोकांसाठी छापली होती! आणि त्याच्या फिरत्या प्रचारकांना पुस्तकं विकायचं कामपण असायचं, खोगिराच्या पिशवीत बायबलच्या सोबत स्वस्तातली पुस्तकं. म्हणजे प्रवचन देणारा आणि पुस्तक विकणारा माणूस एकच, ही सवय ह्या लोकांना शंभर वर्षं आधीपासून होती. हॉकिंगने फक्त विकायचं पुस्तक स्वतःच लिहिलं.

आणि अजून एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मेथडिस्टांमध्ये 'क्लास मीटिंग' असायची, दर आठवड्याला दहा-बारा लोक बसायचे आणि प्रत्येकाने ह्या आठवड्यात आपल्या मनाचं काय झालं ते सांगायचं. मी घसरलो, मी पिलो, मग असा असा प्रसंग घडला आणि मी सावरलो. आता 'हर बेनी'चं कथानक बघा. बाप दारुडा, पोरं घर सोडून पळतात, काड्यापेट्या विकून जगतात, बहीण जाते, बेनीवर चोरीचा खोटा आळ येतो, शहर सोडून जातो, शेतावर राबतो, वर येतो, आळ धुऊन निघतो. अहो ही तर क्लास मीटिंगमधली साक्षच आहे तीनशे पानांची! लहानपणापासून अशा साक्षी ऐकलेल्या माणसाला कादंबरीची रचना वेगळी शिकावी लागली नसेल.

त्याचा पंथपण बघा. युनायटेड मेथडिस्ट फ्री चर्चेस हा मूळ वेस्लियन संघटनेच्या केंद्रीय कारभाराला कंटाळून फुटलेल्या लोकांनी १८५७ मध्ये एकत्र येऊन केलेला गट. नावातच 'फ्री' आहे. वरून हुकूम कमी, स्थानिक मंडळींना जास्त अधिकार. अशा ठिकाणी पाळकबुवा फावल्या वेळात काय लिहितात ह्यावर काठी घेऊन कुणी बसलेलं नसणार, हा माझा अंदाज.

मधली_सुट्टी

वाखुसा (वाचनखूण साठवली)! उंबराचं फूल ताई, क्लास मीटिंगचा मुद्दा एकदम पटला.

अवांतर: आपल्याकडे उलटा प्रवास आहे. बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये लिहिलं आणि पाळक नंतर झाले. म्हणजे हॉकिंग सात वर्षांचा होता तेव्हा इकडे कादंबरी हातात आलेली. असो, धागा भरकटवत नाही.

अर्धा_कप

सगळे इतकं कौतुक करताय म्हणून मुद्दाम विरोधात लिहितोय. मी वाचलंय 'हर बेनी', अख्खं. नेटवर फुकट आहे. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते पुस्तकातच आहे, पुसला गेला कारण ते तितकं चांगलं नाहीये.

योगायोग किती असावेत? बेनीला सुरुवातीला बॅग उचलायचा एक शिलिंग देणारी श्रीमंत मुलगी, तीच पुढे नोकरी देणाऱ्या साहेबाची मुलगी, तिच्याशीच शेवटी लग्न. लिव्हरपूल एवढं मोठं बंदर, पण माणसं मोजून आठ. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे दर काही पानांनी लेखक गोष्ट थांबवून आपल्याशी बोलायला लागतो, श्रीमंतांनो जरा इकडे बघा, ह्या मुलांचं काय वगैरे. अरे बाबा गोष्ट सांग ना! डिकन्सपण भाषण देतो पण त्याची माणसं लक्षात राहतात, त्यांच्या लकबी राहतात. इथे बेनीची बहीण नेली इतकी गुणी आहे की ती जगणार नाही हे पहिल्या प्रकरणातच कळतं.

आणि दहा लाखांचं म्हणाल तर ती खरेदी कुणाची होती तेही बघा. संडे स्कूलला, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेला, नियमित हजेरी लावली की बक्षीस म्हणून पुस्तक द्यायची पद्धत होती, आतल्या पानावर नाव लिहिलेलं लेबल चिकटवून. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर वाचायला येणारी पोरं वाढली, त्यांना द्यायला स्वच्छ, रडवणारी, शेवट गोड असलेली पुस्तकं पाहिजे होती. हॉकिंगने बरोबर तोच माल पुरवला. ही पुस्तकं मुलांनी निवडली नाहीत, मास्तरांनी निवडली. त्यामुळे संडे स्कूल ओसरल्या तसं गिऱ्हाईकच संपलं.

उंबराचं_फूल

अर्धा कप, बक्षिसांचा मुद्दा मान्य, अगदी शंभर टक्के. पण नुसत्या बक्षिसावर माणूस आयुष्यभर लिहून जगत नाही हो. नोकरी सोडली १८९६ मध्ये, त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं जगला आणि लिहीत राहिला, डझनावारी पुस्तकं. तेवढी सगळी मास्तरांनीच घेतली का?

आणि पोरांची बोली बघितलीत का? बेनी आणि नेली पुस्तकी इंग्रजी बोलत नाहीत, रस्त्यावरची मोडकीतोडकी बोलतात. लेखकाने त्या शहरात पाळक म्हणून काम केलेलं होतं, कानाने पकडलेली भाषा आहे ती. भाषणबाजी आहे हे खरंय, पण गरिबीचं चित्र खोटं नाहीये. जो रॅग (Joe Wrag) नावाचा रात्रीचा पहारेकरी आहे ना, शेकोटीजवळ बसलेला, ह्या पोरांना ऊब घेऊ देणारा, आणि स्वतःची पक्की समजूत करून घेतलेली की देवाने मला निवडलेलंच नाही, माझा उद्धार नाही. तो माणूस मला तरी विसरता येत नाही. मुक्ती मोजक्यांनाच की सगळ्यांना, हा मेथडिस्टांचा कॅल्व्हिनवाद्यांशी (मुक्ती मोजक्यांनाच म्हणणाऱ्यांशी) शंभर वर्षं चाललेला वाद, आणि हॉकिंगने तो एका थंडीत कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडी दिला आणि समजावून कोण सांगतं तर काड्यापेट्या विकणारी पोरगी. हे नुसतं प्रवचन देणाऱ्याला जमत नाही.

अर्धा_कप

जो रॅग बरा आहे, तेवढं देतो तुम्हाला :) बाकी मत कायम.

पायवाट

भाऊ राहिला की सगळ्यांचा! धाकटा जोसेफ हॉकिंग, जन्म १८६०, तोसुद्धा आधी सर्व्हेअर, मग १८८४ मध्ये त्याच पंथाचा मिनिस्टर, आणि तोसुद्धा खपणारा कादंबरीकार. बहीण सलोमी, तीही लेखिका, नवरा प्रकाशक, आणि दोघं टॉलस्टॉयच्या विचारांकडे झुकलेले. एका खाणमुलखातल्या घरात तीन लेखक. जेवताना काय बोलत असतील ही मंडळी.

पण खरी मजा युद्धाच्या बाबतीत आहे. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्लंडात जिकडेतिकडे झेंडे आणि जयजयकार, त्या वातावरणात १९०० मध्ये युद्ध थांबवा म्हणणारी एक समिती पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड वगैरेंनी काढली, आणि तिचा चेअरमन कोण, तर आपला सायलस. लोकप्रिय लेखकाने असं करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, वाचक तर तेच झेंडेवाले. आता चौदा वर्षं पुढे या. पहिलं महायुद्ध, आणि जोसेफने काय केलं, तर एकामागून एक युद्धावरच्या कादंबऱ्या. त्यातल्या एकीचा नायक क्वेकर ह्या युद्धविरोधी ख्रिश्चन पंथाच्या विचारांत वाढलेला तरुण, आधी लढायला नकार देतो, प्रेयसीला गमावतो, आणि मग हळूहळू मन बदलून सैन्यात जातो. म्हणजे एका भावाने व्यासपीठावरून युद्ध थांबवा म्हटलं आणि दुसऱ्याने कादंबरीतून पोरांना भरती व्हा म्हटलं. पंथ तोच, घर तेच.

आणि जोसेफच्या आधीच्या काही कादंबऱ्या कॅथलिकांविरुद्ध इतक्या जहरी आहेत की आज वाचवत नाहीत. दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर हेच, निदान जोसेफपुरतं तरी. ज्या भांडणासाठी लिहिलं ते भांडण संपलं की पुस्तकात उरतं काय? सायलसचं थोडं वेगळं, उपाशी पोरांचा विषय जुना होत नाही, म्हणून त्याचं एक पुस्तक तरी अजून तग धरून आहे, लिव्हरपूलचे लोक अजून आठवण काढतात.

तळघर

पायवाट, भर आवडली. समांतर उदाहरण हवं असेल तर अमेरिकेत एडवर्ड एगल्स्टन बघा, जन्म १८३७, इंडियाना. हा खराखुरा घोड्यावरून फिरणारा मेथडिस्ट प्रचारक, १८७१ मध्ये खेड्यातल्या शाळामास्तरावर कादंबरी लिहिली, इंडियानाच्या बोलीत, आणि ती तुफान चालली. पण तो पुढे पाळकपणही सोडून इतिहासाकडे वळला आणि १९०० मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचा अध्यक्ष झाला. हॉकिंगपेक्षा जरा कोरडा माणूस, पण त्याच्याकडे उपदेश कमी आहे. अर्धा कप यांना तो आवडेल.

जुनी_पानं

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री 'हर बेनी' उघडलं, पाच प्रकरणं झाली. जो रॅगच्या शेकोटीपर्यंत पोचलोय. अर्धा कप म्हणतायत ते लेखकाचं मधे मधे बोलणं आहे खरं, पण मला त्याचा त्रास नाही झाला, कुणीतरी समोर बसून सांगतंय असंच वाटलं.

एकच तक्रार. नेली जाते हे तुम्ही दोघांनी इथेच सांगून टाकलंत, आता ती प्रत्येक वेळी खोकली की मी दचकतोय.

अर्धा_कप

१८७९ च्या पुस्तकाला स्पॉयलर लागतो? तरी सॉरी. पण सांगून ठेवतो, खोकल्यावर लक्ष ठेवून काही उपयोग नाही.