मदत हवी आहे: हॅशटॅगवर हजारो, चौकात चौदा. झाडं वाचवायला माणसं रस्त्यावर कशी आणायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावातून जाणाऱ्या रस्त्याचं रुंदीकरण निघालंय. दोन्ही कडेचे वड आणि चिंचा जाणार. गेल्या महिन्यात खोडांची साल तासून त्यावर लाल रंगात आकडे घातले. ज्याच्या पारंब्यांना लोंबकळत आम्ही शाळेत जायचो, तो वड आता ३७ नंबर झालाय.

आम्ही सहा-सात जणांनी हॅशटॅग काढला. पाच दिवसांत पोस्टी हजारोंनी शेअर झाल्या. पुण्या-मुंबईत, दुबईत गेलेली गावची मुलंही लिहायला लागली. मग रविवारी सकाळी आठला चौकात जमायची हाक दिली. आले चौदा जण, त्यातले चौघे आमच्याच घरचे. तासभर फलक धरून उभे राहिलो. फार वाईट वाटलं. नेमकं कुठे चुकलं ते समजून घ्यायचंय.

एक चूक सापडली. टॅगमध्ये गावाचं नाव आणि 'वड वाचवा' यांच्या मध्ये आम्ही आडवी रेघ (हायफन) टाकली होती. रेघेपाशी टॅग तुटतो. निळी अक्षरं गावाच्या नावावरच थांबली, आणि त्यावर बोट ठेवलं की जत्रेचे नि लग्नांचे फोटो! त्यात कॉलेजच्या मुलांनी रोमन लिपीत वेगळाच टॅग चालवला. निम्मी माणसं एकमेकांना दिसलीच नाहीत.

मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायची ठरली, त्याविरुद्धचं आंदोलन मी तेव्हा फोनवरच बघत होतो. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. 'सेव्ह आरे' टॅगवर अंधारातले व्हिडिओ यायला लागले, करवतीचा आवाज ऐकू यायचा, आणि माणसं रातोरात तिथे पोचली. पण ती टॅगमुळेच आली का? त्याआधी कित्येक रविवार लोक तिथे मानवी साखळी करत होते. वाट माहीत, चेहरे ओळखीचे. मला वाटतं टॅगने फक्त हाक दिली, ऐकणारे आधीच तयार होते. तरीही ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. माझी धास्ती हीच आहे, आम्ही जमेपर्यंत करवत येईल.

इजिप्तमध्ये २०११ साली मुबारक यांच्या राजवटीविरुद्ध लोक उठले तेव्हा टॅगच निदर्शनांच्या तारखेचा होता, २५ जानेवारी. वाचणाऱ्याला कधी यायचं ते वेगळं विचारावंच लागत नव्हतं. २८ तारखेला सरकारने इंटरनेट बंद पाडलं, तरी त्या शुक्रवारी लोक बाहेर पडलेच. आमच्या टॅगमध्ये ना दिवस, ना जागा. तो बदलू का, की आता मध्येच बदलला तर जमलेले लोकही पांगतील?

मराठा मूक मोर्चांच्या वेळी, २०१६ मध्ये, ज्यांनी गावोगावच्या बैठका घेतल्या त्यांनी तर नक्की लिहा. व्हॉट्सॲपवर आचारसंहिता फिरायची, पण माणूस घरातून निघायचा तो गल्लीतल्या कुणीतरी दारात येऊन सांगितल्यावर, असं माझे मामा म्हणतात. खरं का? दहा घरांमागे एक माणूस, असं काही वाटून दिलं होतं का? बायका-मुली एवढ्या संख्येने कशा आल्या? आमच्या चौदांत फक्त दोन होत्या.

आणखी एक काळजी आहे. आरेत जमावबंदी लावली, २९ जणांना अटक झाली. आमच्या गटात बारावीची मुलं आहेत, त्यांच्या आयांना मी काय उत्तर देऊ? पोलीस ठाण्यात अर्ज कुणाच्या नावाने द्यायचा, किती दिवस आधी? व्हिडिओ टाकताना मुलांचे चेहरे झाकावेत का? परवा कुणीतरी दुसऱ्याच गावच्या तोडलेल्या झाडांचा फोटो आमच्या टॅगवर टाकला. तो काढायला लावेपर्यंत "हे खोटं पसरवतात" अशी बोंब झाली. असं आवरायला तुम्ही कुणाला नेमलं होतं?

लेखी हरकती घ्यायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. लाइक हजारो, हरकती काल संध्याकाळपर्यंत ३१. निदान अर्जाचा चांगला मसुदा कुणाकडे असेल तर आजच इथे टाका. मी रात्री छापून उद्या बाजाराच्या दिवशी वडाखाली टेबल मांडून बसणार आहे.