शब्दचर्चा: ‘प्रायमरी’ला मराठीत काय म्हणाल?

पडदा_आणि_विंग

मंडळींनो, मदत हवी आहे. इथल्या (अमेरिकेतल्या) महाराष्ट्र मंडळाच्या एकांकिका स्पर्धेसाठी एक संहिता लिहायला घेतली आहे. सगळं एका काल्पनिक पक्षाच्या अधिवेशनात घडतं. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी तिघं उभे आहेत, पुरेशी मतं कुणाकडेच नाहीत आणि फेऱ्यांवर फेऱ्या चालल्या आहेत. पात्रं अमेरिकन असली तरी मराठी बोलतात, आणि तेही बोलीभाषेतलं. त्यामुळे दर वाक्यात प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होणारं मतदान), कॉकस (त्याच कामासाठी भरणारी पक्षाची सभा), डेलिगेट (अधिवेशनात मत देणारे राज्यांचे प्रतिनिधी), नॉमिनी आले की नटांची जीभ अडखळते आणि प्रेक्षकांचा कान कंटाळतो.

निदान एवढ्यांना शब्द सुचवा: प्रायमरी, कॉकस, नॉमिनी, प्रिझम्प्टिव्ह नॉमिनी, सुपरडेलिगेट, डार्क हॉर्स, फेव्हरिट सन, ब्रोकर्ड कन्व्हेन्शन (पहिल्या फेरीत कुणीच न ठरल्यानं सौदेबाजीवर गेलेलं अधिवेशन). संस्कृतच्या खाणीतले दगड नकोत, स्टेजवर बोलता आले पाहिजेत.

बातमीची_बाजू

पेपरात आम्ही वर्षानुवर्षं ‘प्राथमिक निवडणूक’ छापत आलो. मला तो शब्द तेव्हाही खटकायचा. आपल्याकडे राजकारणात ‘प्राथमिक’ला आधीच काम लावून दिलेलं आहे. ‘पक्षाच्या प्राथमिक सदस्यत्वाचा राजीनामा’ हे वाक्य आपण झोपेतही म्हणू. त्यामुळे प्राथमिक निवडणूक म्हटलं की पावतीपुस्तकं घेऊन फिरणारे कार्यकर्ते आठवतात.

काही जण ‘पक्षांतर्गत निवडणूक’ लिहितात. तो तर साफ चुकीचा. एक म्हणजे आपल्याकडे पक्षांतर्गत निवडणूक संघटनेतल्या पदांसाठी असते. दुसरं, बऱ्याच राज्यांत प्रायमरी पक्षाच्या आत राहतच नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये कुठल्याच पक्षाकडे नाव न नोंदवलेला मतदार केंद्रावर जाऊन कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. मतदान राज्य सरकार घेतं, यंत्रणा सरकारी, खर्चही बहुतेक सरकारी. यात अंतर्गत काय उरलं?

फुटकळ

मग ‘निवड चाचणी’ म्हणा. कबड्डीच्या जिल्हा संघाची असते तशी.

बातमीची_बाजू

फुटकळ, शब्द चांगला आहे, पण निवड चाचणीत निर्णय बाकावर बसलेल्या निवड समितीचा असतो. इथं समितीला बाजूला सारून मतदारानं स्वतः निवडायचं हाच सगळा मुद्दा. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्रे एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर लाठ्या चालल्या, पक्ष नोव्हेंबरात हरला आणि त्यानंतर मॅकगव्हर्न–फ्रेझर आयोगानं नियम बदलले. आज आपण जी प्रायमऱ्यांची रांग पाहतो ती खऱ्या अर्थानं १९७२ पासूनची. त्याआधीची निवड चाचणीच होती म्हणायला हरकत नाही!

शब्दकोशी

मला ‘नॉमिनी’पासून सुरुवात करावीशी वाटते, कारण खरी अडचण तिथं आहे. इंग्रजीत उमेदवारी मागणारा वेगळा आणि उमेदवारी मिळालेला वेगळा. मराठीत दोघंही उमेदवार. ‘उमेदवारीचे उमेदवार’ असं म्हणायची पाळी येते.

गंमत अशी की मूळ अर्थानं उमेदवार हा मागणाराच. फारसीतली ‘उमेद’ म्हणजे आशा, ती बाळगणारा तो उमेदवार. जुन्या मराठीत कचेरीत नोकरी लागेल या आशेनं येऊन बसणारा, बिनपगारी राबणारा, तो उमेदवार. अजूनही एखाद्या नटाच्या किंवा वकिलाच्या ‘उमेदवारीच्या काळात’ असं आपण म्हणतो ते त्यातूनच. म्हणजे आयोवा–न्यू हॅम्पशायरच्या बर्फात हिंडणारे डझनभर लोक हे अस्सल उमेदवार, आणि अधिवेशनात नाव जाहीर झालेला तो... त्याला आपल्याकडे ‘अधिकृत उमेदवार’ हा तयार शब्द आहे. एबी फॉर्म हातात पडलेला! आधीच्यांना ‘इच्छुक’ म्हणा. ‘इच्छुकांची भाऊगर्दी’ हे शब्द तर जोडीनंच येतात.

तिकीट मात्र टाळा. अमेरिकेतही ‘तिकीट’ आहे, पण त्याचा अर्थ राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष या जोडीची नावं. पूर्वी पक्ष स्वतःच आपल्या उमेदवारांच्या नावांच्या पट्ट्या छापून मतदारांना वाटत, त्यांना तिकीट म्हणत. आणि आपलं तिकीट कसं वागतं ते क्रियापदांवरून पाहा. तिकीट मिळतं, वाटलं जातं, कापलं जातं, नाकारलं जातं, ‘फायनल होतं’. तिकीट ‘जिंकलं’ असं मराठीत कुणी म्हणत नाही. म्हणणार कसं? देणारा वर बसलेला. ‘उमेदवारी जिंकली’ मात्र कानाला खपतं. म्हणून माझं मत ‘उमेदवारीची लढत’ या शब्दाला.

तळ्याकाठी

‘उमेदवारीची लढत’ला माझंही मत, पण ती सगळ्या मोसमाची. एका राज्यातल्या एका दिवसाच्या मतदानाला प्रायमरीच राहू द्या. फरक का ठेवायचा ते कॉकसवरून कळतं.

मी आयोवात एम्सला शिकत होतो तेव्हा २००८ चा जानेवारी होता. मत नव्हतं, पण बघे म्हणून कडेला बसू देत. शाळेचं जिम. डेमोक्रॅट मंडळींनी कोपरे वाटून घेतलेले. ओबामांचा कोपरा, क्लिंटनबाईंचा, एडवर्ड्सचा, आणि मधे बिल रिचर्डसनच्या बाजूला एवढीशी मंडळी. डोकी मोजली गेली. उपस्थितांच्या १५ टक्के डोकी जमली नाहीत तर तो गट बाद. मग रिचर्डसनवाल्यांकडे बाकीच्या कोपऱ्यांतून शेजारीपाजारी येऊ लागले. ‘अगं ये ना इकडे, आमच्याकडे तुझी बहीण आहे’ छापाचं मनवणं. एक आजोबा हातातली कोट-टोपी सांभाळत दोन्हीकडे मान हलवत राहिले आणि शेवटी एडवर्ड्सकडे गेले, का तर तिथं खुर्ची रिकामी होती. गुप्त मतदान वगैरे काही नव्हतं. रिपब्लिकनांच्या कॉकसमध्ये मात्र चिठ्ठीवर नाव लिहून देतात.

म्हणून कॉकसला मी ‘ग्रामसभा’ म्हणेन. सगळ्यांसमोर, एका वेळी, एका जागी. आणि ती पक्ष भरवतो, सरकार नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत नेवाडात रिपब्लिकनांचं दोन्ही झालं. राज्याच्या कायद्यानं प्रायमरी झाली, तिच्यात ट्रम्प यांचं नावच नव्हतं. निक्की हेली होत्या आणि त्यांना ‘यापैकी कोणी नाही’ या पर्यायानं हरवलं. चक्क नोटाकडून हार. दोन दिवसांनी पक्षाची कॉकस झाली, तिच्यात ट्रम्प होते, आणि डेलिगेट मिळणार होते ते फक्त तिथूनच. दोन्हींना ‘प्राथमिक निवडणूक’ म्हणणाऱ्या पेपरवाल्यानं ही बातमी कशी लिहावी?

बातमीची_बाजू

लिहिली नाही, शेवटच्या पानावर दोन ओळी गेल्या असतील. :)

ग्रामसभेला माझी हरकत आहे. ग्रामसभा ही वैधानिक संस्था, तिला ठराव करायचा अधिकार. कॉकसचं मूळ तर उलटंच, बंद दाराआडचं. जॉन अ‍ॅडम्स यांच्या १७६३ च्या रोजनिशीत बॉस्टनच्या ‘कॉकस क्लब’चा उल्लेख आहे. माळ्यावर जमायचं, चिलमी ओढायच्या आणि गावातली पदं कुणाला द्यायची ते मतदानाआधीच ठरवायचं. पुढे १८२४ पर्यंत काँग्रेसमधले (म्हणजे अमेरिकी संसदेतले) सदस्यच आपापसांत बसून राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवत, त्यालाही कॉकसच म्हणत. म्हणजे एकाच शब्दानं साठ वर्षांच्या त्या बैठकाही चालवल्या आणि शाळेच्या जिममधली डोकीही मोजली. नाटकात ‘कॉकस’च ठेवा, दोन अक्षरी खटका आहे, नटाला आवडेल.

पडदा_आणि_विंग

कॉकस ठेवते. (अडीच अक्षरी आहे हो.) सुपरडेलिगेट?

शब्दकोशी

‘पदसिद्ध प्रतिनिधी’. याहून नेमका शब्द इंग्रजीतही नाही. गव्हर्नर, खासदार, पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे सदस्य हे सारे पदामुळेच डेमोक्रॅटिक अधिवेशनात मतदार होतात, कुठल्या प्रायमरीनं बांधलेले नसतात. ‘सुपर’मुळे उगाच वाटतं की त्यांच्या मताला जास्त वजन आहे. मत एकच. आणि २०१८ च्या बदलानंतर, चुरस असेल तर पहिल्या फेरीत तेही नाही. बाकीचे ‘बांधील प्रतिनिधी’.

प्रिझम्प्टिव्हला पेपरात ‘संभाव्य’ लिहितात, ते फार पातळ आहे. संभाव्य तर बाराजण असतात. ‘निश्चितप्राय’ म्हणा. २०२४ च्या मार्चमध्येच बायडन यांच्याकडे पुरेसे डेलिगेट झाले होते, २१ जुलैला त्यांनी माघार घेतली, आणि ऑगस्टच्या शिकागो अधिवेशनाआधीच ऑनलाइन मतदानानं कमला हॅरिस अधिकृत झाल्या. त्या चार महिन्यांत बायडन जे होते ते ‘प्राय’मध्ये बरोबर बसतं.

फुटकळ

‘भावी’ म्हणा की. चौकाचौकात लागलेलेच असतात.

पडदा_आणि_विंग

विनोदी पात्राच्या तोंडी घातला! आता डार्क हॉर्स. माझ्या तिसऱ्या इच्छुकाला शेवटी तोच होऊन जिंकायचं आहे. ‘काळा घोडा’ म्हटलं तर मंडळातले सगळे मुंबईकर फोर्टात पोचतील.

बातमीची_बाजू

आणि तसाही तो काळा नाही. शर्यतीतला हा ‘डार्क’ घोडा म्हणजे ज्याच्याबद्दल पैज लावणाऱ्यांना माहिती नाही असा. राजकारणात हा शब्द जेम्स पोक यांना चिकटला. १८४४, बाल्टिमोर. व्हॅन ब्युरेन यांना पहिल्या फेरीत बहुमत होतं, पण डेमोक्रॅटांचा नियम दोन तृतीयांशाचा. सातव्या फेरीपर्यंत पोक यांचं नावही मतदानात नव्हतं, नवव्यात ते उमेदवार झाले. पण अगदी अनोळखी म्हणाल तर तसंही नाही. प्रतिनिधिगृहाचे सभापती राहिलेला माणूस, फक्त टेनेसीच्या गव्हर्नरपदाला दोनदा लागोपाठ आपटलेला. म्हणून ‘छुपा रुस्तम’ बसत नाही. रुस्तम स्वतः लपलेला असतो, पोक तर सगळ्यांना दिसत होते, कुणी मोजलं नव्हतं इतकंच. ‘खिजगणतीत नसलेला’ हे मराठीत खरं वर्णन, पण ते नाम होत नाही.

शब्दकोशी

नामाच्या मागे का लागायचं? क्रियापद घ्या. ‘माळ गळ्यात पडली.’ हत्तीणीनं वाटेतल्या कुणाच्याही गळ्यात माळ घालावी आणि तो राजा व्हावा, ही गोष्ट आपल्या हाडात आहे. जिंकण्याचं काम माळवाल्याचं नाहीच. १९२० मध्ये रिपब्लिकनांचे आघाडीचे इच्छुक वुड आणि लाउडन अडून बसले, ब्लॅकस्टोन हॉटेलातल्या धुरानं भरलेल्या खोलीत खलबतं झाली आणि दहाव्या फेरीत हार्डिंग यांच्या गळ्यात माळ पडली.

फुटकळ

आणि रिपब्लिकन पक्षाचं चिन्ह हत्ती. घ्या.

तळ्याकाठी

वा!

यावरून एक निरीक्षण. डार्क हॉर्स, ब्रोकर्ड कन्व्हेन्शन, फेव्हरिट सन हे सगळे शब्द आता खऱ्या लढतींत फारसे कामाला येत नाहीत. मोठ्या पक्षाच्या अधिवेशनात एकाहून जास्त फेऱ्या शेवटच्या झाल्या त्या १९५२ साली, स्टीव्हन्सन तिसऱ्या फेरीत निवडले गेले तेव्हा. १९७६ ला फोर्ड–रेगन फार चुरशीचं झालं (११८७ विरुद्ध १०७०), पण तेही पहिल्याच फेरीत. तरी दर चार वर्षांनी जानेवारी–फेब्रुवारीत पंडित मंडळी ‘यंदा अधिवेशनात तिढा पडणार’ म्हणून मांडे खातात. हे शब्द जगवले ते कल्पनेनं. गोर व्हिडाल यांच्या १९६० च्या ‘द बेस्ट मॅन’ नाटकातही दोघं एकमेकांची लफडी बाहेर काढायला निघतात आणि उमेदवारी जाते तिसऱ्याच एका गव्हर्नरकडे. नाटककाराला एकाच खोलीत, एका रात्रीत सगळं संपवायचं असतं. पन्नास राज्यांत पाच महिने चाललेली प्रायमऱ्यांची मालिका स्टेजवर कोण बघणार? त्यामुळे ताई, तुमच्या संहितेत जुने शब्दच लागणार, आणि त्यांना जुनी मराठीच शोभेल.

बातमीची_बाजू

ब्रोकर्डला ‘तिढ्याचं अधिवेशन’ हे तळ्याकाठींनी बोलता बोलता देऊनच टाकलं. जागावाटपाचा तिढा, मुख्यमंत्रिपदाचा तिढा, सगळ्यांना कळतो. ‘घोडेबाजार’ नको, त्याला थैल्यांचा वास येतो. इथं सौदे व्हायचे ते मंत्रिपदांचे. १८६० ला शिकागोच्या अधिवेशनात लिंकन यांनी ‘माझ्या नावानं वायदे करू नका’ असं कळवूनही त्यांच्या माणसांनी पेनसिल्व्हेनियाच्या कॅमेरॉन यांचा गट वळवला आणि पुढे कॅमेरॉन युद्धमंत्री झाले.

फेव्हरिट सनला ‘भूमिपुत्र’ कुणी सुचवायच्या आत सांगतो, नको. त्याचं आपल्याकडे वेगळंच राजकारण आहे. ‘राज्याचे सुपुत्र’ घ्या, सत्कारातला शब्द आहे, थोडा पोकळ, आणि या माणसांची उमेदवारीही तशीच असायची. जिंकायचं नसतं, पहिल्या फेऱ्यांत आपल्या राज्याची मतं मुठीत धरून ठेवायची असतात.

पडदा_आणि_विंग

१९२४ चा प्रसंगच उचलला आहे मी, नावं बदलून. डेमोक्रॅटांचं अधिवेशन, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, मॅकअडू विरुद्ध अल स्मिथ, १०३ फेऱ्या, आणि शेवटी माळ डेव्हिस यांच्या गळ्यात. राज्यांची हजेरी वर्णानुक्रमे, म्हणून प्रत्येक फेरीत पहिली अलाबामा. त्यांचे गव्हर्नर दर वेळी उठून तेच वाक्य म्हणायचे, ‘चोवीस मते, ऑस्कर अंडरवुड यांना’, आणि रेडिओवर ऐकणारा देश ते पाठ म्हणायला लागला होता. माझ्याकडे ते असं आलंय:

‘अध्यक्ष महाराज! अलाबामा आपली चोवीसच्या चोवीस मतं राज्याचे सुपुत्र...’ (सगळे एका सुरात) ‘...ऑस्कर अंडरवुड यांना!’

नाव बदलायचं आहे अजून. पण ‘अध्यक्ष महाराज’ म्हटल्यावर प्रेक्षकांना वाटेल राष्ट्राध्यक्षच समोर बसलेत. सभापती करू?

शब्दकोशी

नको. विधानसभेमुळे ‘अध्यक्ष महाराज’ कानात इतकं बसलंय की खुर्चीतला माणूस कोण हे सांगावं लागत नाही. पदाला सगळीकडे ‘राष्ट्राध्यक्ष’ ठेवा, घोळ होणार नाही.

फुटकळ

आणि तिसऱ्या फेरीनंतर नुसतं ‘अलाबामा...’ म्हणा. प्रेक्षकच म्हणतील पुढचं.