मदत हवी आहे: घरात काहीही बिनसलं की खापर माझ्यावर. गणपतीला माहेरी जाताना काय काळजी घ्यावी?

ओवी_३८
लहानपणापासून घरातला बळीचा बकरा मीच. गणपतीला दोन दिवस माहेरी जायचंय. धाकट्या भावाने कळवलंय, "आलीस की हक्कसोडपत्रावर सही करून टाक," म्हणजे जमिनीतला माझा वाटा सोडल्याचा कागद. संबंध तोडायचे नाहीत. टोमणे सुरू झाले की काय बोलावं? परत आल्यावर आठवडाभर झोप उडते, त्याला काय करावं? आणि सहीचं काय? अनुभव नकोत, नेमके उपाय सांगा.

साकव
ओवीताई, आधी कारण, म्हणजे उपाय पटतील. मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबातल्या त्रिकोणाची मांडणी केली. दोघांमधला ताण सोसेनासा झाला की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात. आईवडिलांचं पटत नाही, पैशाची ओढाताण आहे, पण उघड बोलायची सोय नाही. मग "हिच्यामुळेच" यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि घर तेवढ्यापुरतं शांत होतं. म्हणून तुम्ही कितीही पुरावे दिलेत तरी निकाल बदलत नाही. आपली बाजू पटवून द्यायचा नाद सोडणं हाच यातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गुणकारी भाग आहे.

बोलायचं कसं? समजा, मोदक फुटले आणि सगळ्यांसमोर ऐकू आलं, "हिला वळायला बसवलं तेव्हाच वाटलं होतं." उकड कोरडी होती, हे सांगायला जीभ शिवशिवेल. सांगू नका. "हो, फुटले. पुढच्या घाण्याला उकड परत मळून घेते," एवढंच म्हणा आणि हात कामाला लावा. वाक्यात "कारण" किंवा "पण" आलं की चौकशी पुन्हा सुरू होते. जुनी उणीदुणी निघाली तर, "यावर मी आत्ता बोलणार नाही." दुसऱ्यांदा निघाली तर हेच वाक्य, याच आवाजात. तिसऱ्यांदा दुर्वा आणायला बाहेर पडा, पंधरा मिनिटांनी या. ही वाक्यं निघण्यापूर्वी घरी मोठ्याने म्हणून बघा. मनात घोकलेलं ऐन वेळी आठवत नाही. परतीचं तिकीट आधीच काढा आणि पोचल्या पोचल्या वेळ सांगून टाका.

बिघडतं कुठे तेही सांगते. तुम्ही चिडणं थांबवलंत की टोमणे आधी वाढतात, कारण आजवर टोमण्यांनी काम होत होतं. मग मावशीचा फोन येतो, "आई रडत होती गं." उत्तर एकच, "आईशी मी स्वतः बोलेन." इथेच बहुतेकजणी ढिल्या पडतात, आणि आणखी जोर लावला की ही वाकते, हे घराला कळतं. त्या वेळी अपराधी वाटणारच. पण अपराधी वाटणं म्हणजे अपराध केल्याचा पुरावा नव्हे.

केवडा
झोपेबद्दल. परतल्यावर दुसरा दिवस रजेचा ठेवा. संध्याकाळी, अंथरुणात नव्हे, वही घ्या आणि तीन रकाने पाडा: ते शब्दशः काय म्हणाले, मी त्यातून स्वतःबद्दल काय समजले, त्याला पुरावा काय. वीस मिनिटं झाली की वही बंद. पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा (आपले अविवेकी विचार तपासून बदलायचे), जी मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली. तिसऱ्या रकान्यात "मी खूप चांगली आहे" असलं काही लिहू नका, मन ते मानत नाही. "उकड कोरडी होती म्हणून मोदक फुटले, सण बिघडला नाही," असं तपासता येणारं लिहा.

रात्री वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की परत पडा. चार आकड्यांत श्वास आत, सहात बाहेर, पाच मिनिटं. आणि त्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा आवाज बंद.

हे महिनाभर टिकलं किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर थांबू नका. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. चिकित्सा मानसतज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. पहिल्याच भेटीत "आईवडील आहेत, माफ करून टाका" ऐकू आलं तर दुसरे शोधा.

सातबारा
सही या भेटीत नको. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, आणि एकदा नोंदलं की फसवणूक किंवा दबाव दिवाणी न्यायालयात सिद्ध केल्याशिवाय सहसा रद्द होत नाही. भावाला सांगा, "मसुदा आणि सातबारा पाठव, वकिलांना दाखवून महिन्याभरात कळवते." कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही नको, ओटीपी देणं नको. वडील हयात असतील आणि जमीन त्यांच्या स्वकष्टाची असेल, तर त्यात आज तुमचा हक्कच नाही, मग सोडणार काय?

जमीन द्यायची तर खुशाल द्या, तुमची मर्जी. फक्त "आता तरी मला चांगलं म्हणतील" यासाठी देऊ नका. साकव यांनी म्हटलेला त्रिकोण सहीने मोडत नाही, खापर फोडायला दुसरं कारण सापडतं.

ओवी_३८
खूप आभार. वडील हयात आहेत, जमीन मूळ आजोबांची, उतारा वडिलांच्या नावावर. मग?

सातबारा
नुसत्या उताऱ्यावरून कळणार नाही. जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी, काढा. आजोबा कधी वारले आणि जमीन वडिलांकडे वाटणीने आली, वारसाने की मृत्युपत्राने, हे त्यात दिसेल. वडिलोपार्जित एकत्र मिळकत ठरली तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनुसार मुलीचा वाटा मुलाइतकाच. हा कायदा आला त्या १९५६ नंतर फक्त वारसाने आली असेल तर ती बहुधा वडिलांची स्वतःची धरली जाते. हे कागद तलाठी किंवा तहसील कार्यालयात मिळतील, भावाकडे मागायची गरज नाही.