मदत हवी आहे: 'मॉकिंगजे'ची चर्चा एका मतावर अडते (शेवट उघड केलाय)

दादरचा वाचनगट, नववी-दहावीची मुलं, वेळ दीड तास. 'हंगर गेम्स' या कादंबरीमालिकेचं हे तिसरं, 2010 चं पुस्तक. हरलेल्या राजधानीच्या, म्हणजे कॅपिटॉलच्या, मुलांना जीवघेण्या खेळात उतरवायचं का यावर मतदान होतं; नायिका कॅटनिस होकार देते, पुढे बाण मात्र पाडाव झालेला राष्ट्राध्यक्ष स्नो याच्याऐवजी बंडखोरांची प्रमुख कॉइन हिच्यावर सोडते. तो होकार डाव की सूड? गटात सरळ दोन तट.

मतदानाचा प्रसंग मोठ्याने वाचून पाहिला. निवेदन तिचंच, प्रथमपुरुषी. तरी नेमकं तिथे ती युद्धात मेलेल्या धाकट्या बहिणीचं, प्रिमचं, नाव घेऊन गप्प. तिचा मार्गदर्शक हेमिच तिच्या बाजूने जातो, पण तोही खुलासा करत नाही. सिनेमा नको, तिथे चेहराच उत्तर देऊन टाकतो.

आधीची दोन्ही पुस्तकं सगळ्यांची वाचून झालीत. कॅटनिस आणि हेमिच न बोलता एकमेकांना ओळखतात, असे त्यातले कोणते दोन-तीन प्रसंग या मतदानाशेजारी ठेवून वाचू?